भाकरीच्या पिठाचा फुफू

आपल्या बऱ्याच घरांत वडिलांच्या बहिणीला फुफू म्हणतात. त्यामुळे 'आज फुफू करू या' म्हटले की मुले आधी हसतात. हा फुफू मात्र पश्चिम आफ्रिकेतला रोजच्या जेवणातला पदार्थ आहे. घानामध्ये उकडलेला कसावा आणि कच्ची केळी उखळात कुटून त्यांचा मऊ, चिवट गोळा करतात. नायजेरियात तो आंबवलेल्या कसाव्याचा असतो. ज्या कंदापासून आपला साबुदाणा बनतो तोच हा कसावा. गोळ्याचा लहान तुकडा उजव्या हाताने तोडायचा, बोटाने त्याला खळगा पाडायचा, रश्श्यात बुडवायचा आणि बहुधा न चावताच गिळायचा. म्हणून नायजेरियात अशा सगळ्या पदार्थांना 'स्वॅलो', म्हणजे गिळायचे अन्न, असेच म्हणतात.

हा पदार्थ आम्ही निवडला तो घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. दात गेले की दादा-दादी, नाना-नानी यांची भाकरी सुटते. मग चहात बुडवलेला टोस्ट, दुधातला पाव आणि मऊ भात एवढ्यावर त्यांचे दिवस निघतात. घरचे सगळे दस्तरखानावर रस्सा ओरपत असतात आणि ज्यांनी आयुष्यभर सगळ्यांना वाढले ते बाजूला टोस्ट भिजवत बसतात. पोट भरते, पण मैद्याने. कोंडा पोटात जात नाही, शौचाची तक्रार सुरू होते, आणि सगळ्यांबरोबर एकच अन्न खाण्याचे सुखही जाते. अख्ख्या धान्याच्या पिठाचा फुफू ही अडचण बरीच सोडवतो.

धान्याच्या पिठाचा असा गोळा ही काही नवी युक्ती नाही. उत्तर नायजेरियातले हौसा लोक, जे बहुतेक मुसलमान आहेत, त्याला तुवो म्हणतात. तांदळाचा तो तुवो शिंकाफा, मक्याचा तुवो मसारा आणि ज्वारीचा तुवो दावा. ज्वारी आणि बाजरी ही दोन्ही धान्ये मुळात आफ्रिकेतलीच. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. उलट कसावा आफ्रिकेत पोहोचला तो सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांबरोबर दक्षिण अमेरिकेतून. म्हणजे फुफू परका वाटला, तरी आपल्या डब्यातले पीठ त्याच मुलखातले आहे.

साहित्य : ज्वारीचे पीठ १ वाटी, पाणी अडीच वाट्या. मीठ घालत नाहीत, ते रश्श्यात असते. पीठ गिरणीतून बारीक दळून आणावे, पण बारीक चाळणीने चाळून कोंडा फेकू नये. बाजरीचे पीठ लवकर कडू होते, म्हणून ते थोडेथोडेच दळावे.

कृती : पाव वाटी पीठ अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवावे. जाड बुडाच्या पातेल्यात उरलेले दोन वाट्या पाणी उकळावे. त्यात कालवलेले पीठ ओतून तीन-चार मिनिटे ढवळत राहावे. पेजेसारखे दाट झाले की आच मंद करावी आणि उरलेले पीठ मुठीमुठीने घालत लाकडी कालथ्याने घोटावे. वरून दोन-तीन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवावे आणि सहा-सात मिनिटे वाफ येऊ द्यावी. मग झाकण काढून पुन्हा तीन-चार मिनिटे पातेल्याच्या कडेला दाबत जोराने घोटावे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तिला बांधून ठेवते ती ही शिजलेली पेज. म्हणून पहिली पायरी टाळली तर गोळा फुटतो. शेवटी वाटी आतून ओली करून त्यात गोळा फिरवावा आणि ताटात उपडा करावा. गार झाला की तो घट्ट होतो, तेव्हा गरमच वाढावा.

गव्हाच्या पिठाचा करायचा असेल तर १ वाटीला दोन वाट्यांपेक्षा थोडे कमी पाणी पुरते. तो जास्त चिवट होतो. ज्यांना भाकरीच्या पिठाची चव हवी त्यांनी ज्वारीचाच करावा.

सोबत रस्सा : भेंडीचा बुळबुळीतपणा जावा म्हणून आपण ती कोरडी पुसतो, तेलात परततो. तिथे तोच बुळबुळीतपणा हवा असतो, कारण त्याने घास सहज उतरतो. मटणाच्या नळीच्या पाण्यात कांदा, टोमॅटो, मिरची शिजवावी, मग अगदी बारीक चिरलेली भेंडी घालून पाच मिनिटे उकळावे. कोकणातल्या घरांत यात सुकट छान लागते. दुसऱ्या दिवशी मसूर किंवा शेंगदाण्याचा पातळ रस्साही चालेल. घरात केलेल्या कोणत्याही सालनातला रस्सा चालतो. वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही, हीच याची खरी सोय.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. पहिली, मधुमेह असलेल्यांनी मऊ आहे म्हणून जास्त खाऊ नये. एक वाटी पिठाचा फुफू म्हणजे दोन ते तीन भाकऱ्या, असाच हिशेब धरावा. दुसरी, 'न चावता' हा शब्द जपून घ्यावा. म्हाताऱ्या माणसांना तुकडा बोराएवढाच द्यावा, रश्श्यात नीट भिजवून, बसवून आणि घाई न करता. ज्यांना अर्धांगवायूनंतर गिळताना ठसका लागतो, त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये. लहान मुलांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी.

आधी एकच वाटी पिठाचा करून बघा. बिस्मिल्ला करून पहिला घास दादीला द्या आणि मीठ बरोबर आहे का, तेही तिलाच विचारा. कितीतरी दिवसांत तिला हे कोणी विचारलेले नसेल.