पाषाणभेदाची उशी

संस्कृतांत वनस्पतींचीं नांवें पुष्कळदां रूपावरून न पडतां कर्तृत्वावरून पडलेलीं असतात. ‘पाषाणभेद’ हें असेंच एक नांव. चरकसंहितेंतील मूत्रविरेचनीय द्रव्यांत तें येतें. सुश्रुताच्या वीरतर्वादि गणांत तें ‘अश्मभेदक’ म्हणून आढळतें. आज बहुतेक अभ्यासक हें नांव जिला देतात, ती हिमालयाच्या खडकाळ उतारांवर वाढणारी, रुंद पानांची बर्जेनिया होय. आतां गंमत अशी कीं, पूर्वींचे वनस्पतिशास्त्रज्ञ हिची गणना ज्या वर्गांत करीत, त्याचें लॅटिन नांव ‘सॅक्सिफ्रागा’. ‘सॅक्सम्’ म्हणजे पाषाण आणि ‘फ्रांगेरे’ म्हणजे भंग करणें. देश दोन, भाषा दोन, आणि नांव मात्र अक्षरशः एकच!

या नांवाचा अर्थ दोन्हीकडे दुहेरी आहे. खडकाच्या फटींतून उगवते म्हणून पाषाण भेदणारी, हा एक. आणि मूत्राशयांतील खडा, म्हणजे अश्मरी, फोडणारी, हा दुसरा. युरोपांतील एका जातीच्या मुळाशीं खड्यासारखे बारीक कंद येतात, तेवढ्यावरून ती मुतखड्यावर गुणकारी असली पाहिजे, असा तिकडच्या जुन्या वैद्यांनीं तर्क बांधला होता. या दुसऱ्या अर्थाविषयीं शेवटीं दोन शब्द लिहावयाचे आहेत. आजचा मुख्य विषय पहिल्या अर्थाचा.

एडिंबरो येथें राहणाऱ्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. घरापुढील दक्षिणेकडच्या मोकळ्या जागेंत दगड रचून त्यांनीं एक लहानसें शिलोद्यान, तिकडच्या भाषेंत ‘रॉक गार्डन’, केलें आणि त्यांत ‘मॉसी सॅक्सिफ्रेज’ म्हणून विकत मिळणारीं शेवाळासारखीं रोपें लाविलीं. पहिल्या वर्षीं हिरवी गादी पसरली, फुलेंहि आलीं. तिसऱ्या वर्षीं मात्र प्रत्येक गादी मधोमध तपकिरी पडूं लागली. त्या विचारतात, हीं रोपें उपटून टाकावीं काय? आणि दगडच अयोग्य असतील, तर एक विक्रेता डोंगरावरचा जुना, पावसानें झिजलेला चुनखडीचा दगड देऊं करीत आहे, तो घ्यावा काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘नको’ असें आहे, आणि दुसऱ्याचें त्याहून ठाम ‘नको’. मुलाच्या घरीं यॉर्कशायरमध्यें तीन उन्हाळे काढतांना हीं झाडें मीं स्वतःच्या हातानें लाविलीं आहेत, म्हणून दोन्हींचीं कारणें जरा विस्तारानें सांगतों.

प्रथम झाड ओळखूं या. हें शेवाळ नव्हे. शेवाळाला फूल येत नाहीं, याला येतें. ब्रिटनमधील रानटी जातीचें शास्त्रीय नांव ‘सॅक्सिफ्रागा हिप्नॉइडीस’, म्हणजे हिप्नम नांवाच्या शेवाळासारखी दिसणारी. वेल्स, उत्तर इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि आइसलंड येथील ओलसर खडकांवर ती सांपडते. ही आणि हिचीं भावंडें यांच्या संकरांतून बागेंतलीं आजचीं झाडें निघालीं. त्या कामीं जर्मनींतील रोन्सडॉर्फचे गेऑर्ग आरेंड्स (१८६३-१९५२) यांचा वाटा इतका मोठा कीं, या संकरांना ‘आरेंड्सी’ हें त्यांचेंच नांव मिळालें आहे. पान हाताच्या बोटांसारखें विभागलेलें असतें. अशा पानांचे लहान लहान गुच्छ एकमेकांना खेटून वाढतात आणि वरून पाहणाराला एकच मऊ उशी दिसते. उशीची उंची चार बोटें. एप्रिल-मे महिन्यांत तीवर वीतभर दांड्यांच्या टोकांस पांच पाकळ्यांचीं पांढरीं, गुलाबी किंवा तांबडीं फुलें येतात. फुलें गेलीं तरी हिरवेपणा बारा महिने टिकतो, बर्फाखालीं सुद्धां.

ठेंगणेपणा ही या झाडाची युक्ति आहे. वारा उशीवरून निघून जातो, आंत शिरत नाहीं. उन्हाची ऊब गुच्छांमध्यें कोंडून राहते, त्यामुळें उशीचें अंग भोंवतालच्या हवेपेक्षां बरेंच अधिक तापतें. जुनीं पानें वाऱ्यावर उडून न जातां आंतच कुजतात आणि ओलावा धरून ठेवतात. याच युक्तीच्या बळावर ‘सॅक्सिफ्रागा ऑपोझिटिफोलिया’ ही जांभळ्या फुलांची भगिनी स्वित्झर्लंडमधील डोम शिखराजवळ सुमारें ४,५०० मीटर उंचीवर आढळली आहे. आणि ग्रीनलंडच्या उत्तरेस काफेक्लुबेन बेटावर, ८३ अक्षांशाच्याहि पलीकडे, ती वाढते.

या सर्व पराक्रमांत पाषाण फोडण्याचा भाग मात्र नाहीं. हिचीं मुळें सुतासारखीं बारीक. खडक फोडतें तें पाणी. कधीं फटींत गोठून फुगलेलें, कधीं चुनखडीला कणाकणानें विरघळविणारें. झाड पाण्यानें आधींच केलेली फट शोधतें आणि तींत सांचलेल्या चिमूटभर मातीवर संसार थाटतें. नांव पाषाणभेद, पण वृत्ति पाषाणाश्रयाची! शिलोद्यान करणारानें एवढें ध्यानांत धरलें, कीं पुढचें बहुतेक आपोआप सुचतें.

परंतु शिलोद्यानाच्या इतिहासांत हें ध्यान नेहमींच राहिलें असें नाहीं. लंडनच्या चेल्सी येथील औषधिवनस्पतींच्या उद्यानांत १७७३ सालीं पहिलें प्रसिद्ध शिलोद्यान रचलें गेलें. त्यांत लंडन टॉवरचे जुने दगड होते आणि सर जोसेफ बँक्स यांच्या सफरींतून आलेले आइसलंडच्या लाव्ह्याचे तुकडेहि होते. पुढील शतकांत या छंदाला भरतें आलें. एडिंबरोच्या सरकारी वनस्पति-उद्यानांत १८७१ सालीं शिलोद्यान झालें आणि १९०८ ते १९१४ या काळांत तें नव्यानें बांधण्यांत आलें. पत्र लिहिणाऱ्या भगिनींना तें घराजवळच पाहावयास मिळेल. श्रीमंतांची हौस तर याहून पुढें गेली. टेम्स नदीकांठच्या हेन्ली गांवीं सर फ्रँक क्रिस्प यांनीं आपल्या बागेंत मॅटरहॉर्न शिखराची प्रतिकृतिच उभारली!

या हौशीवर कोरडे ओढणारा पुरुषहि त्याच काळांत निघाला. रेजिनाल्ड फॅरर (१८८०-१९२०) हा यॉर्कशायरमधील इंगलबरो डोंगराच्या पायथ्याचा रहिवासी. त्याचें ‘माय रॉक गार्डन’ १९०७ सालीं व ‘दि इंग्लिश रॉक गार्डन’ १९१९ सालीं प्रसिद्ध झालें, आणि झाडांचा शोध करीत असतांनाच उत्तर ब्रह्मदेशांत त्याचा अंत झाला. मातीच्या ढिगांत दगड उभे खोचून ठेवणाऱ्या बागवानांना त्यानें पुडिंगांत खोचलेल्या बदामांची उपमा दिली. खडक निसर्गांत जसे थरांनीं निजलेले असतात तसे बागेंतहि ठेवावे, आणि प्रथम झाडाची सोय पाहावी, ही त्याची शिकवण आजहि प्रमाण मानली जाते.

तथापि या छंदाची एक काळी बाजू आहे, आणि तीच त्या दुसऱ्या प्रश्नाशीं निगडित आहे. इंगलबरोच्या परिसरांत चुनखडीचीं विस्तीर्ण फरसबंद पठारें आहेत. हिमयुगांतील बर्फाच्या प्रवाहांनीं खडक घासून सपाट केला. नंतर हजारों वर्षें पावसानें तो विरघळवून त्यांत खोल भेगा पाडल्या. त्या सावलीच्या, ओलसर भेगांतून नेचे आणि कित्येक दुर्मिळ वनस्पति वाढतात. पावसानें गुळगुळीत झालेला हा वरचा थर दिसण्यांत सुंदर, म्हणून शिलोद्यानांसाठीं तो उचकटून गाड्या भरभरून विकला गेला. जो थर एकदां काढला तो पुन्हां येत नाहीं. त्याबरोबर त्याच्या भेगांतील झाडांचें घरहि जातें. अखेर १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण प्रदेशविषयक कायद्यानें अशीं पठारें संरक्षित करण्याची तरतूद केली. झाडांचीहि कथा निराळी नाहीं. याच कुळांतील ‘सॅक्सिफ्रागा सेस्पिटोसा’ वेल्सच्या कूम इडवल दरींत जवळजवळ नाहींशी झाली होती. तेथल्याच बियांपासून वाढविलेलीं रोपें १९७८ सालीं पुन्हां लावून तिला सांवरावें लागलें.

तेव्हां पाषाणभेद हें नांव ज्या निरुपद्रवी झाडाला मिळालें, त्याच्याच हौसेपायीं पाषाण खरोखर फोडला तो मनुष्यानें. डोंगराची प्रतिमा घरीं आणण्यासाठीं डोंगर मोडणें म्हणजे चित्र रंगविण्यासाठीं मूर्ति उगाळण्यासारखें आहे. म्हणून ‘जुना झिजलेला डोंगरी दगड’ कोणी देऊं केला तर घेऊं नये. मोडलेल्या घराचे दगड, जवळच्या खाणींतील साधा दगड, किंवा दुसऱ्याच्या बागेंतून निघालेले दगड पुरेसे आहेत. झाडाला दगडाचें वय कळत नाहीं. त्याला फट, सावली आणि निचरा एवढेंच कळतें.

आतां प्रत्यक्ष लागवडीकडे वळूं.

जागा पूर्वेकडची किंवा उत्तरेकडची निवडावी. सकाळचें कोवळें ऊन चालतें. दुपारचें कडक ऊन या जातीला सोसत नाहीं, तांबडीं फुलें त्यांत फिकीं पडतात आणि उशी करपते. मोठ्या झाडाखालीं मात्र लावूं नये. पानगळीचा पाला उशीवर सांचला तर ती सडते. दगड निम्म्याच्या जवळपास जमिनींत गाडावा आणि मागील बाजूस किंचित् कलता ठेवावा, म्हणजे पावसाचें पाणी मुळांकडे जातें. सर्व दगडांचे थर एकाच दिशेनें असावे.

मातीचें प्रमाण साधें आहे: एक भाग बागेंतली चांगली माती, एक भाग पालापाचोळ्याचें मुरलेलें खत, एक भाग बारीक खडी. जुन्या पुस्तकांत पालापाचोळ्याच्या जागीं ‘पीट’ सांगितलेलें असतें. दलदलींत हजारों वर्षें सांचलेला तो वनस्पतींचा थर खणून काढल्यानें त्यांतील कर्बवायु हवेंत सुटतो, हें आतां कळून चुकलें आहे, तो टाळावा. त्याऐवजीं नारळाच्या सोडणाचा भुसा तिकडच्या दुकानांत मिळतो. कोंकणांतल्या माणसाला त्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. रोप लावल्यावर त्याच्या गळ्याभोंवतीं बोटभर खडी पसरावी. ओलावा सदैव पाहिजे, पण पाणी तुंबतां कामा नये.

आतां मधल्या तपकिरी डागाविषयीं. उशी बाहेरच्या कडेनें वाढत जाते. मधले गुच्छ जुने होतात, त्यांचीं मुळें दूर पडतात, आणि उन्हाळ्यांतल्या कोरड्या दिवसांत प्रथम तेच वाळतात. पत्रांतील बाग दक्षिणाभिमुख असल्यानें हें अधिक लवकर घडलें. डाग लहान असेल, तर फुलांच्या दांड्या कापून टाकल्यावर खडीमिश्रित चाळलेली माती उशींत बोटांनीं भरावी. जिवंत गुच्छांना तींत नवीं मुळें फुटतात आणि खळगा भरून येतो. डाग मोठा असेल, तर फुलें संपल्यावर उशी सबंध उचलावी, हातानें तिचे भाग करावे, मधला मेलेला भाग टाकून द्यावा आणि कडेचे हिरवे तुकडे थोडे खोल, सावलींत लावावे. एकेक गुच्छ खुडून खडीमिश्रित मातींत खोंवला तरी कांहीं आठवड्यांत मूळ धरतो. दर दोन-तीन वर्षांनीं अशी वांटणी केलीच पाहिजे. कुटुंब वाढलें कीं कडेच्यांना नवी जमीन द्यावी लागते; तशी न दिली तर मध्य मरतो.

शत्रु दोन. काळे पक्षी किडे शोधतांना उशी उपटतात. त्यावर तात्पुरती जाळी घालावी. दुसरा शत्रु व्हाइन वीव्हिल नांवाचा सोंडकिडा. त्याच्या पांढऱ्या अळ्या मुळें खातात आणि हिरवी दिसणारी उशी एके दिवशीं हातांत सुटी येते. मातींत सोडावयाचे सूक्ष्म सूत्रकृमि विकत मिळतात, ते या अळ्यांचा नाश करतात.

पुण्या-साताऱ्याकडील वाचकांनीं मात्र हीं रोपें मागविण्याच्या भरीस पडूं नये. आपला चैत्र-वैशाख यांना मानवणार नाहीं. आपल्या कासच्या पठारावरील खडकांनीं निराळी युक्ति योजिली आहे. तेथलीं बहुतेक झाडें पावसाळ्यांत उगवून, फुलून, कोरडा काळ बियांत किंवा कंदांत काढतात. तीं तेथेंच, पायवाट न सोडतां, पाहावीं.

आतां औषधाविषयीं राहिलेले दोन शब्द. पाषाणभेद या एका नांवाखालीं आपल्या देशांत बर्जेनियाखेरीज पानफुटीसारख्या अगदीं निराळ्या वनस्पतिहि दिल्या जातात. बागेंतली शेवाळी सॅक्सिफ्रेज तर त्या औषधांपैकीं नव्हेच. नांवाच्या साम्यावर विसंबून कोणीहि पानें उकळून पिऊं नयेत. मुतखड्यानें मूत्रमार्ग अडल्यास मूत्रपिंडाला इजा होते, आणि त्या दुखण्यांत वाया घालविलेले दिवस महाग पडतात. डॉक्टरांना प्रकृति दाखवावी.

भगिनींनीं फुलें ओसरल्यावर एका उशीचे वीस तुकडे करावे. पांच-सहा आपल्याला पुरेत. उरलेले शेजारपाजारीं वाण म्हणून लुटावे. संक्रांत तेव्हां जवळ नसेल, पण वाणाला तेवढी अडचण नाहीं.