रात्री दोन वाजता चौकशी समिती नको

मधुमेही माणसाची साखर वाढली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काय खाल्लं होतंस?" आई विचारते, आत्या विचारते, ऑफिसात शेजारच्या डेस्कवरचा पोरगा विचारतो. आणि ज्यांनी निदान असं विचारू नये ते काही डॉक्टरसुद्धा चष्म्यावरून बघत हेच विचारतात. गंमत म्हणजे कोणालाच उत्तर नको असतं. ते त्यांनी आधीच ठरवलेलं असतं: गुलाबजाम!

माझं म्हणणं सरळ आहे. हा प्रश्न बहुतेक वेळा निरुपयोगी असतो, आणि मध्यरात्री तर तो चक्क धोकादायक असतो. का ते सांगतो. डॉक्टर नाही मी, साधा कोड पाडणारा माणूस आहे. पण अकरा वर्षं टाइप १ बरोबर संसार केलाय, तेव्हा थोडं बोलायचा हक्क आहे.

आधी एक गोंधळ निस्तरू. टाइप १ म्हणजे शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्यांचा फडशा पाडते. गोड खाऊन हा होत नाही, आणि कारल्याचा रस किंवा जांभळाच्या बियांचं चूर्ण घेऊन जातही नाही. वसीम अक्रमला तो १९९७ मध्ये, तिशीत झाला. त्यानंतर हा बाबा इन्सुलिन टोचत टोचत २००३ च्या वर्ल्ड कपपर्यंत खेळला आणि तिथे वनडेतली पाचशेवी विकेट घेतली. त्याला कोणी "काय खाल्लं होतंस?" विचारलं असेल का, माहीत नाही. विचारलं असेल तर पुढचा यॉर्कर त्याच्याच पायावर पडो.

आता मुद्दा. लोकांच्या डोक्यात साखरेचं गणित एका ओळीचं असतं: जास्त खाल्लं, साखर वाढली. प्रत्यक्षात त्या आकड्यात डझनभर गोष्टी मिसळलेल्या असतात. खाल्लेलं पीठ-साखर तर आहेच. पण तेलातुपाचं जेवण असेल तर तीच साखर चार-पाच तासांनी चढते, म्हणून बिर्याणी रात्री एकला हिशेब मागते. एकाच जागी वारंवार टोचून कातडीखाली गाठी झाल्या तर इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. उन्हात तापलेल्या गाडीत राहिलेलं पेन निकामी होऊ शकतं. पहाटे शरीर स्वतःच कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन सोडतं, त्यामुळे काहीही न खाता साखर चढते. ताण, अपुरी झोप, बायकांची मासिक पाळी, स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि सगळ्यात मोठा चोर म्हणजे इन्फेक्शन. इतके इनपुट असलेल्या सिस्टिममध्ये आउटपुट चुकलं आणि तुम्ही फक्त एकच इनपुट तपासलंत, तर कोड रिव्ह्यूमध्ये कोणी उभं तरी करेल का?

उदाहरण देतो. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री नऊला दोन भाकऱ्या, पिठलं, कांदा. मोजून सहा युनिट. दीड वाजता जाग आली ती तहानेने. तोंड कोरडं ठक्क, डोकं सिमेंट भरल्यासारखं, तासाभरात तिसऱ्यांदा बाथरूम. (साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंड ती लघवीतून बाहेर टाकायला लागतं, आणि जाताना पाणीही घेऊन जातं. म्हणून हा सगळा खेळ.) मीटर म्हणालं ३४०. आई सांगलीहून आली होती, दिवा बघून दारात उभी. "काय खाल्लं होतंस रे?" जे तिनेच वाढलं होतं ते! बायको मात्र उठली, पाण्याची बाटली भरून आणली आणि विचारलं, "परत कधी बघायचंय? मी गजर लावते."

या दोन वाक्यांतला फरक म्हणजे हा अख्खा लेख आहे.

कारण पुढचे तीन तास खरे धोक्याचे असतात. झटपट काम करणारं इन्सुलिन टोचल्यावर साधारण पंधरा मिनिटांनी कामाला लागतं, तास-दीड तासाने त्याचा जोर येतो आणि ते तीन ते पाच तास अंगात राहतं. नावात झटपट, वागण्यात सरकारी फाइल. माझ्यासाठी एक युनिट साखर साधारण ४० ने उतरवतं. रात्रीचं थोडं कमीच घ्यायचं असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून चार घेतले. सव्वादोनला मीटर ३३६. म्हणजे काहीच नाही! अशा वेळी अपराधी वाटणारा माणूस काय करतो? आणखी पाच टोचतो. स्वतःला शिक्षा केल्यासारखं. आता हिशेब करा: नऊ युनिट गुणिले ४० म्हणजे ३६०. साखर होती ३४०. पहाटे चारला हा माणूस झोपेत घामाघूम होऊन थेट आकडीपर्यंत जाऊ शकतो. जास्त साखरेच्या रात्रीचा मोठा धोका कधी कधी जास्त साखर नसतोच, ती घाईघाईने पाडायची लाज असते.

मी टोचलं नाही. लघवीची कीटोनपट्टी बघितली, रंग अगदी किंचित बदललेला. पाणी पीत बसलो. साडेतीनला २७१, सहाला १८८. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १०१ ताप आणि घसा बसलेला. म्हणजे पिठलं निर्दोष होतं.

मग हा प्रश्न आला कुठून? तो शंभर वर्षं शिळा आहे. इन्सुलिन सापडण्याआधी मधुमेहावर उपाय एकच होता, उपासमार. अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन नावाचे डॉक्टर रुग्णांना अगदी हाडांचा सापळा होईपर्यंत कमी खायला देत, कारण त्याने थोडे दिवस तरी जास्त मिळत. तेव्हा "काय खाल्लं?" हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इन्सुलिन टोचलं आणि चित्र पालटलं. औषध बदललं, प्रश्न काही बदलला नाही.

आता काही शहाणे म्हणतील, "म्हणजे काहीही खावं का?" नाही हो. १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासाने सिद्ध केलं की साखर काटेकोर सांभाळली तर डोळे, मूत्रपिंड, नसा वाचतात. ते मी मान्यच करतो, म्हणून तर दिवसातून पाच-सहा वेळा बोट टोचतो. पण त्याच अभ्यासात काटेकोर सांभाळणाऱ्यांमध्ये साखर धोकादायक खाली जाण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट होतं, हे कोणी सांगत नाही. आणि दरडावून साखर उतरल्याचं मी अजून तरी पाहिलं नाही. उतरतं ते तपासणं. शंभर जण ओरडणार म्हटल्यावर माणूस मीटरच काढत नाही, किंवा डॉक्टरांना दाखवायच्या वहीत १४० लिहितो.

शिवाय ज्या परफेक्शनची अपेक्षा आपल्याकडून असते ती शास्त्राचीही नाही. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी सेन्सर वापरणाऱ्यांसाठी लक्ष्य ठरवलं: दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ ७० ते १८० मध्ये. १८० च्या वरचा वेळ २५ टक्क्यांच्या आत. २४ तासांचे २५ टक्के म्हणजे सहा तास! रोज. हे ज्याला जमतं तो उत्तम रुग्ण. आणि मीटरचं म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्के इकडेतिकडे चालतं. माझे ३४० हे २८९ असतील किंवा ३९१. अशा आकड्यावर कोणाचं चारित्र्य ठरवू नये.

प्रॉडक्शन सर्व्हर रात्री पडला तर आपण आधी तो उभा करतो, लॉग जपून ठेवतो आणि कारणमीमांसा दुसऱ्या दिवशी चहा घेऊन करतो. तेवढीच सभ्यता शरीराला दाखवा. ज्याची साखर वाढलीय त्याने हात धुऊन पुन्हा तपासावं (बोटाला लागलेला आंबासुद्धा आकडा फुगवतो), डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस एकदाच घ्यावा, वेळ लिहावी, पाणी प्यावं, कीटोन बघावेत. पंप असेल तर नळी-सुई बदलावी. आणि उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास किंवा कीटोन भरपूर असतील तर वही-बिही ठेवा बाजूला, सरळ हॉस्पिटल गाठा. तिथे सकाळपर्यंत थांबायचं नसतं.

आणि घरच्यांनी? २०२३ मध्ये आयसीएमआरच्या अभ्यासाने भारतात मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख धरली. म्हणजे तुमच्या घरात नसेल तर शेजारच्या घरात आहेच. त्यांच्यासाठी तीन प्रश्न पाठ करा: इन्सुलिन किती वाजता घेतलंस? कीटोन बघितलेस का? परत कधी तपासायचं? जेवणाची चौकशी करायचीच असेल तर उद्या करा, उजेडात, वही समोर ठेवून. तेव्हा मी सगळं सांगेन, अगदी दोन भाकऱ्यांसकट.