स्फोटकाचा वास आणि विझणारा उजेड

टीएनटी कितीही दडवले तरी त्याची वाफ थोडीफार सुटतेच. नेहमीच्या तापमानाला तिचे प्रमाण हवेच्या अब्ज रेणूंमागे जेमतेम दहाच्या आत. प्रशिक्षित कुत्र्याला तेवढे पुरते. यंत्रालाही पुरावे म्हणून अमेरिकेतील एमआयटीचे टिमथी स्वॅगर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९८ मध्ये एक चमकणारा पॉलिमर पुढे आणला.

त्याच्या पातळ थरावर अतिनील किरण पडले की तो उजळतो. टीएनटीचा रेणू इलेक्ट्रॉनचा भुकेला. तो थराला चिकटला की इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि चमक मंदावते. खरी करामत पुढे आहे. सुट्या रेणूंमध्ये एक चोर एकच दिवा विझवतो. इथे दिवे लांब साखळीत ओवलेले असल्याने एका ठिकाणच्या चोरीने अनेक विझतात, दिवाळीच्या जुन्या माळेतला एक बल्ब गेल्यावर होते तसे. साखळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांना मोठे, आडमुठे गट जोडले. त्यामुळे वाफेला शिरायला नॅनो आकाराच्या पोकळ्या राहिल्या. यातूनच आलेले ‘फिडो’ हे हातात धरायचे यंत्र अमेरिकी सैन्याने इराकमध्ये वापरले.

पण १९९३ च्या मुंबई स्फोटांत आरडीएक्स होते. त्याची वाफ टीएनटीहून सुमारे हजारपट विरळ आणि इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकदही कमी. तिथे नुसती हवा हुंगून भागत नाही. पृष्ठभाग पुसून कण गोळा करावे लागतात. टीएटीपीमध्ये तर नायट्रो गटच नसतो.

म्हणून ‘स्फोटके शोधते’ या जाहिरातीवर खरेदी नको. त्याच इराकने ‘एडीई ६५१’ नावाच्या कांड्यांवर कोट्यवधी डॉलर उधळले. त्या निव्वळ पोकळ होत्या; विक्रेत्याला ब्रिटनमध्ये २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. तोवर बगदादच्या नाक्यांवर त्या कांड्या दाखवून गाड्या सोडल्या जात होत्या.

खऱ्या यंत्रालाही खोट्या इशाऱ्याचा हिशेब चुकत नाही. शंभर प्रवाशांमागे एकच खोटा इशारा धरला, तरी लाख प्रवाशांच्या स्थानकावर रोज हजार निरपराध अडवले जातील आणि कंटाळलेला जवान महिन्याभरात भोंगा बंद करील. आरडीएक्सवर, पावसाळी दमट हवेत, ऐन गर्दीच्या फलाटावर यंत्राची त्रयस्थ चाचणी झाली का, हे निविदा उघडण्याआधी विचारायला हवे.