गाडीची थरथर : सारीच बिघाड नव्हे

मुरुड, हर्णै, दापोली पट्ट्यातील आपले अनेक बंधू गाडीवर रोजी कमावतात. कुणी मासळी वाहतो, कुणी पर्यटकांची ने-आण करतो, कुणाच्या हाती पान्हा असतो. जुनी गाडी घेताना ‘इंजिन थरथरते’ एवढ्यावरून सौदा मोडतो किंवा विनाकारण इंजिन खोलले जाते. आमच्या मते, किती थरथर मुळातली आहे हे सिलिंडर मोजून आधी ठरवावे.

हिशेब सोपा आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा स्फोट क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, एकदाच होतो. एका ओळीत तीन सिलिंडर असल्यास दर २४० अंशांना धक्का बसतो, चार असल्यास १८० आणि सहा असल्यास १२० अंशांना. धक्के जितके जवळ, तितकी चाल मऊ.

दुसरी बाब पिस्टनच्या हिसक्याची. चार सिलिंडरमध्ये दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात. मुख्य हिसका फिटतो, पण क्रँकच्या दुप्पट गतीची बारीक थरथर उरते. तीनमध्ये वरखाली हिसका फिटतो, तरी इंजिन दोन टोकांवर डोलू पाहते. सरळ रांगेतील सहा सिलिंडरमध्ये हे दोन्ही दोष फिटतात, म्हणून ते सर्वांत शांत.

२००५ साली आलेल्या ‘छोटा हत्ती’ टाटा एसला ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. त्याने अनेकांना धंद्याला लावले. त्याच्याकडून मोटारीची चाल मागणे व्यर्थ. नॅनोच्या दोन सिलिंडरच्या इंजिनात तर थरथर मारण्यासाठी वेगळा बॅलन्सर शाफ्ट घालावा लागला. २०२४ च्या नव्या स्विफ्टमध्ये चारऐवजी तीन सिलिंडर आले. घर्षण, वजन व खर्च कमी होतो, हा त्यामागचा हिशेब. जुनी स्विफ्ट चालवलेल्याला नवी उभ्या जागी थोडी खडबडीत वाटली, तर तो बिघाड नव्हे.

मात्र काल मऊ चालणारी गाडी आज थरथरू लागली, तर दुर्लक्ष नको. आधी इंजिनाखालचे रबरी माउंटिंग पाहावे, मग प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर. एखादा सिलिंडर काम करीत नसेल तर तो शोधावा. इंजिन खोलण्याची पाळी सर्वांत शेवटी.

कारागीर बंधूंनी गिऱ्हाइकाला हा फरक समजावून सांगावा. एका दिवसाची मजुरी बुडेल, पण भरवसा बसलेले गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजात जाणार नाही.