जीवनातील स्थित्यंतरे आणि उत्साहाचे बळ

सर्व काही अनित्य आहे, ही शिकवण आपल्या शाळेत रोजच्या वंदनेबरोबर कानावर पडते. मात्र तिचा खरा प्रत्यय बहुतेकांना येतो तो शाळेचे फाटक ओलांडल्यानंतर. पहाटेची घंटा, ठरलेल्या वेळी वाढले जाणारे जेवण, अभ्यासिकेतील शांतता, शेजारच्या खाटेवरचा सोबती हे सारे एका दिवसात मागे पडते. पुढे असते ते अनोळखी शहर, चौघांत घेतलेली खोली, मेसचा डबा, परक्या भाषेतील व्याख्याने आणि शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी जमवावयाचे दाखले. पुढील आयुष्यातही अशी स्थित्यंतरे येतच राहतात. कारखाना बंद पडतो, वडिलांचे छत्र हरपते, मुली सासरी जातात, सेवानिवृत्तीनंतरची रिकामी सकाळ उगवते. अशा प्रसंगी माणसाला तारते काय? आमचे उत्तर आहे : उत्साह. मात्र हा शब्द आपण कोणत्या अर्थाने वापरतो, हे आधी स्पष्ट केले पाहिजे.

उत्साह म्हणजे उसळणारा आनंद, असा सर्वसाधारण समज आहे. तो आला तर आला, नाही तर नाही. जणू पावसाची सर. बौद्ध विचारात त्याचे स्थान वेगळे आहे. तेथे त्याला वीर्य म्हटले आहे. पंचबलांत तो आहे, सात बोध्यंगांत आहे, दहा पारमितांत आहे आणि आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम या नावाने आहे. सम्यक व्यायामाची चार अंगे सांगितली जातात : न उपजलेल्या अकुशल वृत्ती उपजू न देणे, उपजलेल्या दूर सारणे, न उपजलेल्या कुशल वृत्ती जागवणे आणि जागलेल्या टिकवून वाढवणे. म्हणजे उत्साह ही मनाची लहर नव्हे. ते रोज करावयाचे काम आहे. ज्याच्या मनात आज उल्हास नाही, त्यालाही ते करता येते, हा या विचारातील मोठा दिलासा आहे.

या कामाला प्रमाण असावे लागते, हे सोण कोळिविस या भिक्खूच्या कथेतून कळते. चंपा नगरीच्या श्रीमंत घरात लाडाकोडात वाढलेला हा तरुण संघात आला आणि त्याचे सारे जीवनच पालटले. या नव्या जीवनात त्याने इतका आटापिटा केला की चंक्रमण करता करता त्याचे तळपाय रक्ताळले. तरीही फळ दिसेना, तेव्हा घरी परतावे असे त्याच्या मनात आले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला तिचीच आठवण दिली. तार फार ताणली तर सूर बिघडतो, सैल सोडली तरीही बिघडतो. ती बेताची असावी लागते. बदलाच्या पहिल्या महिन्यात सर्व शक्ती उधळून दुसऱ्या महिन्यात खचणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. त्यांच्यात उत्साह कमी नव्हता. तार बेतात नव्हती.

परमपूज्य बाबासाहेबांच्या जीवनातील १९१७ ते १९२० हा काळ या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. कोलंबिया विद्यापीठातून ते लंडनला गेले होते आणि तेथील अभ्यास रंगात आला असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली. त्यांना परतावे लागले. त्यांचे ग्रंथ व सामान ज्या बोटीने येत होते, ती महायुद्धात टॉर्पेडोच्या माऱ्याने बुडाली. बडोद्यात अधिकाराची नोकरी होती, पण राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. ज्ञानाच्या शिखरावरून माणूस थेट अपमानाच्या दरीत आला, असे हे स्थित्यंतर होते.

पुढील तीन वर्षे त्यांनी कशी घालविली? लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परतून अभ्यास पुरा करण्याची मुभा त्यांनी आधीच मिळविली होती. ती मुदत डोळ्यांसमोर ठेवली. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी पत्करली आणि पगारातून काटकसरीने पैसा साठविला. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. त्याच वर्षी, जवळची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज यांच्या आधारे ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या. या साऱ्यात कोठेही गाजावाजा नाही. तुटलेला धागा कोठे तुटला हे लक्षात ठेवून, हाती असलेले काम नेटाने करीत तेथवर पुन्हा पोहोचणे, हाच येथे उत्साह आहे.

आपल्या समाजात उत्साहाची वाण नाही. जयंतीची मिरवणूक असो वा दीक्षाभूमीकडे लोटणारा जनसागर असो, तो डोळ्यांत भरतो आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु एका रात्रीच्या ध्वनिवर्धकांवर जेवढी वर्गणी खर्च होते, तेवढ्यात वस्तीतील एखाद्या मुलाची वर्षभराची पुस्तके येऊ शकतात. सणाच्या दिवशी उसळलेला उत्साह पुढच्या सोमवारी अभ्यासिकेचे कुलूप उघडायला आला पाहिजे. तो येत नसेल, तर तो केवळ जल्लोष होता, असेच म्हणावे लागेल.

येथे एक सावधगिरीही हवी. दुःखात असलेल्याला ‘उत्साही राहा’ एवढेच सांगणे म्हणजे आपली जबाबदारी त्याच्याच माथी मारणे होय. ज्याची शिष्यवृत्ती रखडली आहे, ज्याला दोन वेळच्या डब्याची भ्रांत आहे, त्याला उपदेशाआधी आधार हवा. आनंदाने एकदा कल्याणमित्राची संगत म्हणजे अर्धे श्रेष्ठ जीवन, असे म्हटले, तेव्हा भगवंतांनी त्याला थांबवून ते अर्धे नव्हे, संपूर्ण श्रेष्ठ जीवन आहे, असे सांगितले. बाबासाहेबांच्या असामान्य जिद्दीलाही भथेनांसारख्या मित्राचा हात लागलाच होता. उत्साह एकट्याने पेलावयाचा असला, तरी तो एकट्यात जगत नाही.

म्हणून माजी विद्यार्थी बंधू-भगिनींना आमचे एक सांगणे आहे. बारावीनंतर शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला पहिल्या वर्षापुरता आपल्यापैकी एकाचा आधार मिळावा. आठवड्यातून एक दूरध्वनी, महिन्यातून एक भेट, जातपडताळणी व स्वाधार योजनेच्या अर्जासाठी थोडे मार्गदर्शन आणि परीक्षेत अपयश आले तर रागे न भरता शेजारी बसणे, एवढेच. यासाठी श्रीमंती लागत नाही, सातत्य लागते. पालकांनीही मुलाला प्रत्येक वेळी ‘किती गुण मिळाले?’ एवढेच न विचारता ‘तेथे मन रमते का?’ हेही विचारावे.

शाळेने आपल्याला घंटेवर उठायला शिकविले. घंटा नसलेल्या ठिकाणीही उठता येणे, आणि शेजारी झोपून राहिलेल्याला हात देऊन उठविणे, हीच त्या शिक्षणाची खरी परीक्षा आहे. पुढचे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी आपल्यापैकी प्रत्येकाने एका विद्यार्थ्याचे नाव आपल्या वहीत लिहून घ्यावे, एवढीच या स्मरणिकेच्या निमित्ताने विनंती.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम.