पुण्यही लागेल आणि चार पैसेही?



गेल्या दिवाळीत क्रॉयडनमध्ये एका स्नेह्यांकडे फराळाला जमलो होतो. बोलता बोलता एकजण म्हणाले, "अपंगांना नोकरी मिळवून द्यायला सरकार पैसे देतं. आपल्यात अकाउंटंट आहेत, आयटीवाले आहेत, एचआरवाले आहेत. कंपनी काढू, परवाना घेऊ. पुण्यही लागेल आणि चार पैसेही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले. ते गप्प बसणे खुपते आहे, म्हणून हे लिहिते.

माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. त्याला लर्निंग डिसॅबिलिटी आहे. त्या संध्याकाळी तो शेजारच्या खोलीत टीव्हीसमोर होता. "तू काय करतोस?" असे त्याला कोणीही विचारले नाही. इंग्लंडमध्ये पालिकांच्या नोंदीतल्या अशा प्रौढांपैकी पगारी काम करणारे जेमतेम ५ टक्के आहेत.

आता परवान्याबद्दल. भिंतीवर टांगावा असा परवाना या धंद्यात नसतो, कंत्राट असते. आणि कंत्राट ज्याचे पैसे देते तेवढेच काम होते. २०११ च्या 'वर्क प्रोग्रॅम'मध्ये बहुतेक पैसे माणूस नोकरीत तीन किंवा सहा महिने टिकल्यावरच मिळत. परिणाम काय? ज्यांना नोकरी लावणे सोपे त्यांच्यामागे धावायचे आणि अवघड ते बाजूला ठेवायचे. आजारी आणि अपंग माणसांच्या बाबतीत निकाल निराशाजनक लागले. माझ्या मुलाने एका ठिकाणी तोच सीव्ही तीनदा लिहिला. नोकरी एकदाही लागली नाही.

रेम्प्लॉयचेही तेच. युद्धात अपंग झालेल्यांना काम देण्यासाठी सरकारने १९४५ मध्ये ही संस्था उभारली. तिचे उरलेले बहुतेक कारखाने २०१२-१३ मध्ये बंद झाले आणि २०१५ मध्ये नोकरी-साहाय्याचे काम बहुतांशी मॅक्सिमस या अमेरिकन कंपनीच्या हाती गेले.

आता 'कनेक्ट टू वर्क' आले आहे. यातली कल्पना चांगली आहे: आधी खरी नोकरी, मग तिथेच शिकणे आणि सोबतीला जॉब कोच. सहभाग ऐच्छिक आहे. पण पैसा स्थानिक पालिकांमार्फत येतो आणि आपल्या क्रॉयडन पालिकेने २०२० ते २०२२ या काळात तीनदा दिवाळखोरीवजा कलम ११४ ची नोटीस काढली. योजना संपली की कोच जातो. मुलगा मात्र तिथेच राहतो.

"मग पैसे न घेता करायचे का?" असे कोणी विचारेल. मुळीच नाही. कोचला पगार हवाच. पण कंपनी काढायची तर तिच्या संचालकांत अपंग माणसे असू द्या, पगारासह आणि मतासह. ज्याला नोकरी लागली नाही त्याचाही हिशेब जाहीर करा. हे जमणार नसेल तर कृपया 'पुण्य' हा शब्द वापरू नका.

आणि त्याआधी आपले ऑफिस पाहा. आपल्यातले कितीतरी जण मुलाखती घेतात. 'डिसॅबिलिटी कॉन्फिडंट'चा बिल्ला तुमच्याही कंपनीच्या वेबसाइटवर असेल. २०१६ मध्ये ही योजना आली तेव्हा तिच्या पहिल्या दोन पायऱ्या कंपनीने स्वतःच स्वतःला गुण देऊन चढायच्या होत्या. खर्चाची सबबही फारशी टिकत नाही. १९९४ पासून 'ॲक्सेस टू वर्क'मधून उपकरणांसाठी आणि मदतनिसासाठी सरकारी पैसा मिळतो. अर्ज रखडतात, हे खरे. पण लुनार हाऊसच्या रांगा काढलेल्या आपल्याला रखडलेल्या अर्जांचे भय कधीपासून वाटू लागले?

बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापली आणि आनंदवनात भिक्षेऐवजी काम दिले. आपण तिकडे चेक पाठवतो, आणि घरातला मुलगा पाहुण्यांसमोर आणत नाही. भारतात अपंगांना सरकारी नोकऱ्यांत १९९५ च्या कायद्याने ३ टक्के आणि २०१६ च्या कायद्याने ४ टक्के आरक्षण दिले. पण 'आरक्षण' म्हटले की आपल्या पार्ट्यांत काय बोलले जाते, ते आठवा.

मीही यातून सुटलेली नाही. टीव्ही मीच लावून दिला होता.

पुढच्या बैठकीला मी मुलाला घेऊन येणार आहे. कंपनीचा विषय निघाला तर आधी त्याला विचारा. तो हळू बोलतो. थोडा वेळ द्यावा लागेल.

आपली,
क्रॉयडनची एक सभासद