संगणक कळला, माणसांचे काय?

फर्मागुडी, झुआरीनगर आणि आता कुंकळ्ळी ही नावे अभियांत्रिकी शिक्षणाची केंद्रे म्हणून गोमंतकीयांच्या तोंडी बसली आहेत. पदवी हाती पडली की आमची मुले पुण्याची किंवा बंगळूरची वाट धरतात आणि घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : पगार किती? प्रश्न गैर नव्हे. ज्यांनी कर्ज काढून शिकविले त्यांस तो विचारण्याचा अधिकारच आहे. परंतु चार-सहा वर्षांनी जो दुसरा प्रश्न दत्त म्हणून उभा राहतो, त्याची तयारी कोणीच करून घेत नाही. उत्तम प्रोग्रॅम लिहितो म्हणून ज्यास बढती मिळाली, त्याच्या हाताखाली एके दिवशी आठ-दहा माणसे येतात. संगणक सांगितलेले निमूटपणे ऐकतो. माणसे ऐकतातच असे नाही, आणि कित्येकदा त्यांचे न ऐकणेच रास्त असते. अशा वेळी हा बिचारा काय करतो? इतरांची अर्धवट कामे रात्री जागून स्वतःच पुरी करतो. कंपनीचा एक चांगला प्रोग्रॅमर जातो आणि बदल्यात एक त्रासलेला अधिकारी तिच्या पदरात पडतो.

यावर उपाय म्हणून महाविद्यालयांतून व्यक्तिमत्त्व विकासाची दोन दिवसांची शिबिरे भरविली जातात. हस्तांदोलन कसे करावे, टाय कसा बांधावा, इंग्रजीतून स्वतःची ओळख कशी करून द्यावी, हे तेथे शिकवितात. याला नेतृत्वाचे शिक्षण म्हणणे ही शुद्ध पोपटपंची होय.

संगणकाच्या व्यवसायात माणसे सांभाळणे ही शिष्टाचाराची बाब नसून कामाचाच गाभा आहे. फ्रेड ब्रुक्स यांनी १९६० च्या दशकात आयबीएम कंपनीत सिस्टीम-३६० या यंत्रमालिकेच्या आज्ञावलीचे प्रचंड काम हाताळले आणि त्या अनुभवावर १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हा ग्रंथ लिहिला. रेंगाळलेल्या कामावर आणखी माणसे लावली तर ते अधिकच रेंगाळते, हा त्यांचा निष्कर्ष. नव्यांना शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो, शिवाय प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावे लागते. पाच माणसांत अशा संभाषणाच्या वाटा १०. पन्नास माणसांत त्या १२२५ होतात. गूगल कंपनीने २००२ साली अभियंत्यांवरचे व्यवस्थापकच काढून टाकून पाहिले. खर्चाच्या हिशेबापासून आपसांतल्या भांडणांपर्यंत सारे काही थेट संस्थापक लॅरी पेज यांच्या दारी येऊ लागले, तेव्हा काही महिन्यांतच तो प्रयोग गुंडाळावा लागला. पुढे याच कंपनीने चांगल्या व्यवस्थापकाची आठ लक्षणे शोधून काढली. त्यांत हाताखालच्या माणसाला घडविणे पहिले आले आणि तांत्रिक ज्ञान आठवे. आठवे म्हणजे अनावश्यक नव्हे, हे आमच्या आळशी विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे!

आमच्या मुलांचे खरे दुखणे मात्र निराळेच आहे. ते आहे ‘होईल, सर’ या दोन शब्दांत. परदेशचा ग्राहक दूरध्वनीवर विचारतो, शुक्रवारपर्यंत होईल का? होणार नाही हे ठाऊक असूनही तोंडातून होकार जातो. वडीलधाऱ्यांपुढे उलट बोलू नये, हे वळण घरात लावले जाते आणि शाळेत घट्ट होते. शुक्रवार उजाडतो, काम झालेले नसते आणि वेळीच उच्चारलेल्या एका नकाराने जे निभावले असते ते नामुष्कीवर येते. वाईट बातमी लवकर, स्पष्ट आणि सौम्य शब्दांत सांगता येणे, तसेच हाताखालच्याने ती आणली असता त्याच्यावर न खेकसणे, ही दोन कौशल्ये ज्याच्या ठायी आहेत त्याला आम्ही नेता म्हणू, मग त्याचे इंग्रजी मोडके का असेना.

ऐकण्याचे सोडले तर काय अनर्थ होतो, याचा दाखला ब्रिटनने जगापुढे ठेवला आहे. तेथील पोस्ट ऑफिसने १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबाची संगणकप्रणाली वापरात आणली. तिच्यात दोष होते. गावोगावच्या टपाल कचेऱ्यांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली आणि त्या चालविणाऱ्या सामान्य माणसांवर अपहाराचे खटले भरले गेले. मदतकेंद्राकडे तक्रार केली असता, असे म्हणणारे तुम्ही एकटेच, हे उत्तर अनेकांच्या वाट्याला आले. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जण दोषी ठरले. कित्येकांनी तुरुंगवास भोगला, संसार उद्ध्वस्त झाले. प्रणालीतील दोष २०१९ साली उच्च न्यायालयाने मान्य केले आणि २०२४ मध्ये पार्लमेंटला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. दोष शोधणारे तंत्रज्ञ जगात दुर्मीळ नव्हते. खेड्यातला पोस्टमास्तर खरे बोलत असेल, एवढे मानण्याची तयारी तेवढी नव्हती.

आता प्रोग्रॅम लिहिण्याचे पुष्कळसे काम कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आहे. समोरच्याला नेमके काय हवे ते त्याच्याकडून काढून घेण्याचे आणि चौघांचे जमवून आणण्याचे काम त्यामुळे माणसाकडे अधिकच येईल. हे वळण आम्हांस अगदी परके नाही. जत्रेच्या नाटकासाठी वर्गणी गोळा करणारा, रुसलेल्या नटाची समजूत काढणारा, तालमीला न येणाऱ्याला चार शब्द सुनावूनही दुसऱ्या दिवशी आणणारा तरुण गोव्याच्या वाड्यावाड्यांत आढळतो. त्याच तरुणाला वर्गात मात्र केवळ गुणांवर तोलले जाते. चौघांच्या प्रकल्पात एक राबतो, उरलेले बांधणीचा खर्च वाटून घेतात आणि चौघांनाही सारखेच गुण मिळतात.

आमची सूचना अशी की, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना चार-चारांच्या गटाने एखाद्या पतसंस्थेत, पंचायतीत वा बागायतदारांच्या संस्थेत धाडावे. तेथील कारकुनाची अडचण आधी महिनाभर ऐकावी, मग प्रणाली बनवावी आणि सहा महिन्यांनी ती चालते की धूळ खाते ते जाऊन पाहावे. निम्मे गुण देण्याचा अधिकार त्या कारकुनाकडे असावा. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळास ही शेवटची अट मानवणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. तरीही आमचा आग्रह तिच्यासाठीच आहे.